गोड्या पाण्यातली पॉन्टून बोट खाऱ्या पाण्यात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं, भुसावळजवळ. दुधाच्या टाक्या, गाड्यांच्या बॉड्या हेच करायचो, मग एकाने हतनूरच्या बॅकवॉटरसाठी पॉन्टून बोट करून मागितली आणि तेव्हापासून हे येड लागलं ते लागलंच. पॉन्टून म्हणजे काय तर ॲल्युमिनियमच्या दोन नाहीतर तीन लांब बंद नळ्या, त्यांच्यावर आडवी फ्रेम, वर प्लाय आणि बाकडी, मागे आउटबोर्ड इंजिन. धरणात एक नंबर चालते. आता लोक हीच बोट कोकणातल्या खाडीत न्यायला लागलेत आणि फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

खान्देशात समुद्र कुठंय भाऊ, आपल्याला हे कशाला पाहिजे?

समुद्र नाही, पण तापी आहे ना. मुलताईला निघते, चांगदेवला पूर्णेला घेते, प्रकाशा करून उकाईच्या धरणात जाते आणि सुरतला पोचली की सिंगणपोरच्या कॉजवेच्या अलीकडे गोडी अन् पलीकडे भरतीची खारी. नदी तीच, पाणी तेच, पण तुमच्या बोटीसाठी त्या कॉजवेच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या दुनिया. आणि बोट इथं बनवून घेऊन तिकडे चालवणारे आता बरेच झालेत, त्यांच्यासाठीच हे आहे.

धरणात सहा वर्षं काही झालं नाही, खाऱ्या पाण्यात असं काय वेगळं होतं?

घरी आईला विचारा, लोणचं ॲल्युमिनियमच्या पातेल्यात का ठेवत नाही ते. ॲल्युमिनियमवर आपोआप एक बारीक पापुद्रा असतो ऑक्साईडचा, तोच त्याचा रेनकोट. मिठातलं क्लोराईड त्या रेनकोटला टाचणीएवढी भोकं पाडतं आणि मग भोकातून आत कुरतडत जातं, बाहेरून नळी चकचकीत दिसते आणि आत खड्डा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे त्यातून करंट झकास वाहतो, म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून त्या पाण्यात बुडाले की तिथं चक्क बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत जो धातू कमजोर तो खपतो, आणि आपल्या बोटीत तो नेहमी ॲल्युमिनियमच असतो.

आमची पहिली बोट खाडीत गेली तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. धरणातली जशीच्या तशी ट्रेलरवर टाकली आणि पाठवून दिली. अडीच महिन्यांनी परत आली तर नळीवरच्या प्रत्येक ब्रॅकेटच्या बोल्टभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं, रांगोळीने काढल्यासारखं गोल. बोटाने पुसलं तर खाली काळपट खड्डा, एका ठिकाणी टेस्टरचं टोक आत गेलं. आमचे वेल्डर काका साक्रीकडचे, त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मीठ कोणलेच सोडत नही." त्या नळीला पॅच मारताना जे शिकलो तेच खाली लिहिलंय.

ॲनोड म्हणजे नेमकं काय आणि कोणता लावायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त गडबडही इथंच होते. ॲनोड म्हणजे बळीचा बकरा. नळीवर एक असा धातू बसवायचा जो ॲल्युमिनियमपेक्षाही कमजोर आहे, मग पाण्यातली बॅटरी आधी त्याला खाते आणि तुमची नळी वाचते. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा ॲनोड असतो कारण गोड्या पाण्यातून करंट नीट जात नाही, तिथं जोरदार धातू लागतो. तोच मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात नेला तर काही आठवड्यांत विरघळून गायब, आणि असेपर्यंत इतका जोर लावतो की नळीवरच्या रंगाला फोड येतात. आमच्या पहिल्या बोटीत हेच झालं, मॅग्नेशियम लवकरच संपला आणि उरलेले दिवस नळी उघड्यावर.

खाऱ्यासाठी झिंक किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड. हो, ॲल्युमिनियमच्या बोटीला ॲल्युमिनियमचाच ॲनोड, हसू नका, त्यात झिंक आणि थोडंसं इंडियम मिसळलेलं असतं म्हणून तो नळीच्या आधी खपतो. मी डोळे झाकून हाच सांगतो, कारण कोकणातल्या खाड्या पावसाळ्यात वरून येणाऱ्या पाण्याने जवळपास गोड्या होतात आणि उन्हाळ्यात कडक खाऱ्या. झिंक गोड्या पाण्यात पडून राहिला की त्याच्यावर टणक पांढरं कवच चढतं आणि मग तो नुसता शोभेला, खाऱ्यात परत गेला तरी काम करत नाही. ॲल्युमिनियमवाला दोन्हीकडे चालतो.

बसवताना दोन गोष्टी. ॲनोड आणि नळी यांच्यात धातूला धातू भिडला पाहिजे, मध्ये रंग, वॉशर, सिलिकॉन काहीही नको. मल्टीमीटर लावून बघा, एका नळीचा ॲनोड ते दुसरी नळी ते इंजिनचं ब्रॅकेट, सगळीकडे एक ओहमच्या आत आलं पाहिजे, नाही आलं तर तेवढा भाग ॲनोडच्या संरक्षणात नाहीच असं समजा. आणि ॲनोडला रंग मारायचा नाही. एका गिऱ्हाईकाच्या पेंटरने बोट छान दिसावी म्हणून ॲनोडसकट सगळी निळी करून टाकली होती, म्हणजे बकऱ्याला रेनकोट घालून बसवला. निम्मा खपला की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका. आणि ॲनोड खपतोय म्हणून तक्रार करायला फोन करू नका, तो खपत नसेल तेव्हा करा. इंजिनचे ॲनोड वेगळे असतात, काहींचे तर ब्लॉकच्या आत, ते पण बघायचे.

आम्ही सगळे बोल्ट स्टेनलेस लावलेत, मग टेन्शन नाही ना?

आहे. स्टेनलेस स्वतः गंजत नाही पण शेजारच्या ॲल्युमिनियमला खातो, वर सांगितलेलं पांढरं कडं त्यानेच आलं होतं. पण स्टेनलेसशिवाय भागत पण नाही, साधा लोखंडी बोल्ट तर एका सीझनमध्ये लालेलाल. मग करायचं काय, तर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसऐवजी ३१६ ग्रेडचा घ्यायचा, बोल्टखाली नायलॉनचा वॉशर टाकायचा आणि आट्यांना ड्युरालॅक नाहीतर टेफ-जेलसारखी पेस्ट लावूनच कसायचा, म्हणजे मध्ये पाणी शिरत नाही. काही जण बोल्ट जाम होऊ नये म्हणून तांब्याची अँटी-सीझ ग्रीस लावतात, ती इथं अजिबात नको, तांबं पण ॲल्युमिनियमला खातं. आणि चुंबक लावून ३१६ ओळखतो म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका, ३०४ आणि ३१६ दोघांनाही चुंबक जवळपास सारखाच लागत नाही, फरक मॉलिब्डेनमचा असतो आणि त्याचं टेस्टचं लिक्विड मिळतं, एक थेंब टाकून कळतं.

नळीचा पत्रा कोणत्या ग्रेडचा पाहिजे?

५०५२ किंवा ५०८३, फ्रेमसाठी ६०६१ चालतं. वेल्डिंगची वायर ५३५६. भांड्यांचा पत्रा नको, मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. जुनी बोट असेल आणि ग्रेड माहीत नसेल तर ती खाऱ्यात कायमची ठेवायची नाही, सकाळी टाकायची संध्याकाळी काढायची.

डेकला ७१० चा मरीन प्लाय टाकला, चालेल ना?

चालेल पण एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही. किडा लागू नये म्हणून प्लायला जी ट्रीटमेंट करतात त्यात बरेचदा तांब्याचं संयुग असतं. ओला प्लाय ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर टेकला की तिथं तेच तांबं विरुद्ध ॲल्युमिनियम सुरू. म्हणून प्लायच्या सहाही बाजूंना इपॉक्सी, स्क्रूचं भोक पाडल्यावर भोकाच्या आत पण इपॉक्सी, आणि फ्रेमवर रबराची पट्टी चिकटवून मग प्लाय. तांब्यावरून आठवलं, वायरमनने छाटलेल्या तारेचे तुकडे फ्रेमच्या खाचेत पडून राहतात, ते व्हॅक्यूमने काढा, एकेक तुकडा भोक पाडू शकतो. एका बोटीत पूजेचा तांब्याचा गडू डेकवर आठवडाभर तसाच होता, खाली गोल डाग पडला तो अजून आहे. पूजा करा, नारळ फोडा, गडू घरी न्या.

खालून कोणता रंग मारायचा?

रोज संध्याकाळी बोट बाहेर काढणार असाल तर रंगाची गरजच नाही, धुवा आणि विषय संपला. पाण्यातच ठेवणार असाल तर बार्नेकल चढतात, ते सिमेंटसारखे चिकटलेले शंख, आणि त्यांच्या बुडाखाली हवा पोचत नाही म्हणून नेमकं तिथंच ॲल्युमिनियम कुजतं. त्यासाठी अँटीफाउलिंग पेंट लागतो.

पण दुकानात मिळणारा बहुतेक अँटीफाउलिंग क्युप्रस ऑक्साईडचा, म्हणजे तांब्याचा असतो, फायबरच्या आणि लाकडी बोटींसाठी. तो ॲल्युमिनियमला लावायचा नाही म्हणजे नाही. आपल्याकडे केळीवर कॉपर ऑक्सिक्लोराईड मारणारे सगळे आहेत, फवारणीचा निळा हात दोन दिवस जात नाही हे माहिती आहे, तसलंच तांबं नळीला चोवीस तास चिकटून बसलं तर काय होईल विचार करा. डब्यावर ॲल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, त्यात कॉपर थायोसायनेट किंवा झिंक पायरिथिऑन असतं. आणि रंगाच्या आधी इपॉक्सी प्रायमर. घासल्यावर लगेच प्रायमर मारायचा, तासाभरात मारला तर उत्तम, कारण ऑक्साईडचा पापुद्रा परत यायला लागतो. सकाळी घासून जेवायला गेले, भरीत-भाकरी खाऊन झोप काढली आणि पाच वाजता प्रायमर मारला तर तो पुढच्या वर्षी पोळीसारखा सुटून येणार. घासताना लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण आत रुततात.

नळीत पाणी आलंय का, कसं बघायचं?

घेऊन जायच्या आधी बघायचं. ड्रेन प्लगच्या जागी व्हॉल्व्ह लावून २ ते ३ पीएसआय हवा भरा, रेग्युलेटर लावून, ट्रकच्या टायरचा कॉम्प्रेसर डायरेक्ट लावला तर नळी फुगून वेल्ड जाईल. मग साबणाचं पाणी, बुडबुडा दिसला तिथं खडूने खूण.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं का तर आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळला उन्हात उभी असलेली नळी हात लावू देत नाही, आतली हवा समजा ६० डिग्री. तीच तापलेली बोट तुम्ही पाण्यात टाकली, पाणी २८ डिग्री, आतली हवा एकदम आकसते, दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी पडतो आणि नळी आतून ओढ घेते. सुईएवढं भोक असेल तर तिथून पाणी ओढून घेणारच. धरणात हे पाणी गोडं होतं म्हणून सहा वर्षं कळलं नाही, खारं पाणी आत शिरलं तर आतून पोखरतं आणि तिथं ना ॲनोड ना धुणं. म्हणून बोट सावलीत थंड होऊ द्या, मग उतरवा.

वायरिंग बदलावं लागतं का?

शक्यतो हो. घरातली साधी तांब्याची वायर आतून काळी पडत जाते, बाहेरून प्लास्टिक नवंकोरं. कल्हई केलेली मरीन वायर मिळते ती घ्या, जॉइंटला गोंदवाली हीट श्रिंक. बोटीच्या बॉडीला कधीही निगेटिव्ह म्हणून वापरू नका, ट्रॅक्टरला करतो तसं इथं नाही, दोन्ही वायर बॅटरीपर्यंत. आणि जेटीवरच्या बोर्डावरून चार्जर लावून बोट रात्रभर सोडली तर अर्थिंगच्या वायरमधून शेजारच्या लोखंडी बार्जशी तुमची बोट जोडली जाते आणि तुमचे ॲनोड त्यांच्या बार्जचं रक्षण करत बसतात. चार्जिंग बॅटरी काढून खोलीवर नेऊन करा, नाहीतर अर्थिंगच्या वायरमधला हा करंट अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा.

इंजिन रोज धुवायलाच पाहिजे का?

रोज. कंटाळा आला तरी, अंधार पडला तरी, पाहुणे आले तरी. इंजिन गार करायला समुद्राचंच पाणी आत फिरतं आणि बंद केल्यावर ते आतल्या बारीक वाटांमध्ये वाळतं, मीठ मागे ठेवून जातं. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसून थेंब पडायचा बंद होतो ना, अगदी तसं, फक्त इथं थेंब बंद झाला की इंजिन तापून बसतं. पाणी घेण्याच्या जाळीवर कानटोपीसारखे मफ लावायचे, नळी सोडायची, पाणी चालू करायचं आणि मगच इंजिन चालू, आयडलवर १० ते १५ मिनिटं. एवढा वेळ यासाठी की इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला पाहिजे, तोपर्यंत पाणी सगळीकडे जातच नाही, दोन मिनिटांत बंद करणारे अर्धंच इंजिन धुतात. काही नव्या इंजिनांना डायरेक्ट नळीचा पोर्ट असतो, त्यात इंजिन बंद ठेवून धुवायचं, मॅन्युअल बघा. कोरडं इंजिन "एक सेकंद बघू" म्हणून चालू करायचं नाही, आतला पाणी ओढणारा रबराचा पंखा, म्हणजे इम्पेलर, तेवढ्यात करपतो. इम्पेलर दर वर्षी बदललेला बरा.

गिअर ऑइल १०० तासांनी किंवा वर्षाला. काढल्यावर चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर सील गेलं, पाणी शिरलंय. जेटीवर उभी असताना इंजिन वर उचलून ठेवा, पाय पाण्याबाहेर.

ठिबकला सोडतो ते ॲसिड थोडं पातळ करून मारलं तर मीठ पटकन निघेल का?

नका करू हो. विचारणारे बरेच आहेत म्हणून मुद्दाम वेगळा प्रश्न घेतला. हायड्रोक्लोरिक ॲसिड ठिबकच्या प्लास्टिकला काही करत नाही, ॲल्युमिनियमला मात्र उकळ्या फोडत खातं आणि त्यातून निघतो हायड्रोजन, बंद शेडमध्ये तो पण धोका. कॉस्टिक आणि धुण्याचा सोडा पण नको, ॲल्युमिनियमला ॲसिड आणि खार दोन्ही चालत नाहीत. पांढरे डाग घालवायला साधं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, नायलॉनच्या ब्रशने, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. बोरचं पाणी फार जड असेल तर धुतल्यावर कापडाने पुसून घ्या, नाहीतर मिठाचे डाग जाऊन क्षाराचे येतात. टँकरचं गोडं मिळालं तर इंजिनसाठी ते राखून ठेवा.

ट्रेलरचं काय?

ट्रेलर बोटीच्या आधी मरतो, आणि कोणी बघत नाही. कसारा घाट उतरून किंवा कोंडाईबारीचा घाट उतरून आलात, हब तापलेले, आणि तसेच डायरेक्ट पाण्यात घातले तर आतली हवा आकसून बेअरिंग खारं पाणी पिऊन घेते. आधी चहा घ्या, हबला हात लावता आला की मग उतरवा. वॉटरप्रूफ ग्रीस, गॅल्व्हनाइज्ड चेसिस. कमानपाट्यांच्या मध्ये मीठ अडकतं, तिथं नळी धरून पाच मिनिटं. परत निघायच्या आधी धुवा, घरी आल्यावर नाही, साडेचारशे किलोमीटर वाऱ्यावर ते मीठ पार आतपर्यंत वाळलेलं असतं.

पॉन्टून घेऊन समुद्रात किती आत जाता येईल?

समुद्रात जायचंच नाही. खाडी, बॅकवॉटर, आडोसा, बस. पॉन्टूनचं तोंड चपटं, डेक खाली, समोरून लाट आली की नळ्यांची नाकं लाटेत घुसतात आणि पाणी थेट डेकवर. वारा आला तर छत शिडासारखं काम करतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो, तीन मजली घराएवढा, तिकडचा प्रवाह धरणावर शिकलेल्या माणसाचं काम नाही. कोकणात फरक कमी पण ओहोटीला बोट चिखलात बसतेच, आणि चिखलाखाली शंख चढलेला खडक असला तर नळी फाटते. रॅम्पवर चढत्या भरतीला उतरवा. स्थानिक कोळी दादांना विचारल्याशिवाय पहिली फेरी नको.

कागदपत्रं?

कायदा म्हणजे इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ चा, आणि कोकणात परवानगीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. धरणाची परवानगी खाडीत चालत नाही. आधी त्यांच्या बंदर ऑफिसला जाऊन या, मग बोट न्या. लाइफ जॅकेट माणसागणिक, लहान मुलांचे वेगळे.

पेट्रोल कुठलंही चालतं?

पंपावर आता ई-२० मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि खाडीच्या दमट हवेत तर जास्तच. टाकी अर्धी ठेवून महिनाभर सोडली की खाली पाणी-इथेनॉलचा थर. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि उरलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये संपवून टाका. जुनं इंजिन असेल तर पाइप इथेनॉलला चालणारे आहेत का ते बघा.

सीट कव्हर?

गोड्या पाण्याने पुसा, उभे करून वाळवा. बाकी काही नाही.

पावसाळ्यात बोट तिकडेच ठेवू की घरी आणू?

घरी आणा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै इंजिनवाल्या बोटींची मासेमारी पण बंद असते, त्या हवेत पॉन्टूनचं तिथं काही काम नाही. आणल्यावर ड्रेन प्लग उघडे, नाक थोडं वर, हवा खेळेल असं कव्हर, प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. बॅटरी काढून ठेवा. आणि उंदीर बघा, आमच्या शेडमध्ये एका पावसाळ्यात अख्खा वायरिंग हार्नेस खाल्ला, मिठापेक्षा जास्त नुकसान उंदराने केलं त्या वर्षी.

खड्डे दिसलेच तर?

पांढरी भुकटी नायलॉन ब्रशने काढा आणि खोली बघा. वरवरचं असेल तर घासून, इपॉक्सी प्रायमर. पत्र्याच्या निम्म्याच्या आसपास गेलं असेल तर वेल्डिंग, पण आधी ती जागा गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून, कारण खड्ड्यात मीठ राहिलं तर टाका जाळीसारखा होतो. एम-सील लावून परत पाण्यात ढकलू नका, कारण शोधा, शेजारी कुठला बोल्ट आहे, कुठली वायर आहे, ॲनोड जोडलेला आहे का.

दोन सीझन खाडीत करून बोट परत हतनूरला आणली, आता काय बदलू?

आधी चांगली धुवून चार दिवस कडक उन्हात वाळवा. झिंकचे ॲनोड असतील तर काढून टाका, इथं त्यांच्यावर कवच चढून ते बसून राहतील. ॲल्युमिनियमचे असतील तर तसेच राहू द्या, वर्षातून एकदा ब्रश मारा.